नारायण धारप आणि मराठी वाड्यातील भय

नारायण धारप (१९२५–२००८) हे विज्ञानाचे पदवीधर; लेखनात मात्र त्यांनी शंभरावर पुस्तकांतून प्रामुख्याने अतींद्रियाचाच शोध घेतला. झपाटलेल्या वास्तूची कादंबरी शोधणारा मराठी वाचक अखेर त्यांच्याच नावापाशी येतो. विद्यापीठीय समीक्षा मात्र दीर्घकाळ ते टाळून पुढे गेली. 'लुचाई'च्या मुळाशी स्टीफन किंग यांची 'सालेम्स लॉट' (१९७५) आहे, 'शपथ'च्या मुळाशी 'इट' (१९८६). हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तेवढ्यावरून त्यांना निव्वळ रूपांतरकार ठरविणे मात्र अन्यायाचे होय. परक्या भयाला त्यांनी मराठी घर मिळवून दिले. कसबा पेठेतल्या जुन्या वाड्याचा अंधारा जिना रोज चढणाऱ्या वाचकाला ते घर अनोळखी वाटले नसावे. 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटाने त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आणले, अभ्यासक्रमात नव्हे.