कवळाण्याहून आलेला विद्यार्थी

बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून श्रीमंत सयाजीराव महाराजांची आठवण निघाली की राजवाडा, हत्ती आणि स्वाऱ्यांच्या गोष्टी हटकून निघतात. परंतु महाराज हे राज्याच्या खर्चाने शिकून तयार झालेले विद्यार्थी होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यांच्या पुढील आयुष्याचे मर्म मात्र तिच्यातच आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांचे असले तरी घरी शेती होती आणि मुलास अक्षरओळखही झालेली नव्हती. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले, तेव्हा खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. मग इलियट साहेबांच्या देखरेखीखाली शिक्षण सुरू झाले. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू अशा भाषा, हिशेब, तालीम, घोडेस्वारी असा दिवसभराचा क्रम असे. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे पाठ दिले. १८८१ च्या डिसेंबरात राज्याची सूत्रे हाती आली, तेव्हा सहा वर्षांपूर्वीचा निरक्षर मुलगा गादीवर बसण्यास योग्य झाला होता. योग्य वयात कोणी खर्च केला आणि शिकवणारा भेटला तर खेड्यातील मुलाचे काय होऊ शकते, याचा पुरावा महाराजांना दुसरीकडे शोधावा लागला नाही.

त्यांनी तोच खर्च प्रजेच्या मुलांवर करण्यास आरंभ केला. १८८६ साली मौलाबक्ष यांच्याकडे गायनशाळा सोपविली. १८९० साली कलाभवन निघाले. रंगकाम, यंत्रविद्या, चित्रकला यांचे शिक्षण तेथे मिळू लागले. पुढे चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके येथेच छायाचित्रण शिकले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू झाले आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू झाले.

दक्षिणेकडे नवसारी प्रांतातील सोनगड येथे १८८५ च्या सुमारास त्यांनी आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली. डोंगरातील मुलास नुसती फी माफ करून भागत नाही, त्यास राहावयास जागा व पोटास अन्न लागते, हे येथे ओळखलेले दिसते. याच डोंगराळ पट्ट्याच्या दक्षिण टोकाशी, दमणगंगेकाठी, सिल्वासा आहे. कोकणा, धोडिया, वारली यांची वस्ती तिकडेही आहे. परंतु १७८३ साली पेशवाईने नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांस तोडून दिला आणि १९५४ च्या ऑगस्टपर्यंत तो मुलूख त्यांच्याच अमलाखाली राहिला. सोनगडचे वसतिगृह त्या मुलांच्या वाट्यास आले नाही.

महाराजांच्या विद्यावेतनास अट असे. १९१३ साली डॉ. आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षेपर्यंत दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी असा करार झाला. घेणाऱ्याने हे दान समजू नये आणि देणाऱ्या राज्याने त्या मुलाची गरज मानावी, असा त्यातला सरळ हिशेब होता.

पुढील भाग आपल्या शहरास लाज आणणारा आहे, पण तो सांगितल्यावाचून महाराजांचे चरित्र पुरे होत नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर करार पाळण्यास बडोद्यात आले. हुद्दा मिळाला, परंतु राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. हिंदूंच्या वस्तीत कोणी थारा दिला नाही. दरबारातूनही सोय झाली नाही. कामाठीबागेत एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि ते मुंबईस परत गेले. त्या जागेस आज संकल्पभूमी म्हणतात. तिजोरीने तीन वर्षे पौंड पुरविले. शहरास मात्र एक खोली देता आली नाही.

महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ साली उभे राहिले. सिल्वाशातही २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुलांसाठी निधी काढणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. पण सोनगडने जे साधले आणि बडोद्यास १९१७ साली जे साधले नाही, ते निधीच्या आकड्यात दिसत नाही. बाहेरगावचा मुलगा शिकण्यास आला की त्याचे नाव ऐकून घरमालक आडनाव विचारतो, की भाडे सांगतो? जुन्या वाड्यांतून रिकाम्या खोल्या अजूनही आहेत.