पाच सेंटांचे दुकान सातासमुद्रापार

५ नोव्हेंबर १९०९ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात एका नव्या दुकानाचे उद्घाटन झाले. आत वाद्यवृंद वाजत होता, आलेल्यांना चहा दिला जात होता. मात्र त्या दिवशी एकही वस्तू विकली जाणार नव्हती. लोकांनी यावे, मनसोक्त फिरावे, वस्तू पाहाव्यात आणि घरी जावे, एवढीच दुकानदाराची अपेक्षा होती. विक्री दुसऱ्या दिवशी सुरू झाली आणि गर्दीने दुकान ओसंडून वाहू लागले. दुकानातील कोणत्याही वस्तूची किंमत सहा पेन्सपेक्षा अधिक नव्हती. या दुकानाचे मालक फ्रँक विनफिल्ड वूलवर्थ त्या वेळी ५७ वर्षांचे होते. किरकोळ विक्रीच्या साखळीने देशाची सीमा ओलांडून दुसऱ्या देशात पाय रोवण्याच्या इतिहासात त्या दिवसाला मोठे महत्त्व आहे.

वूलवर्थ यांचा जन्म १३ एप्रिल १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉडमन या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. बटाट्याची शेती आणि गाईंचे शेण काढण्यासारख्या कष्टाच्या कामांत त्यांचे मन कधीच रमले नाही. दुकानदार व्हायचे हे त्यांनी लहानपणीच ठरवले होते. १८७३ साली वॉटरटाऊन येथील कापडाच्या दुकानात त्यांना काम मिळाले. पण पहिले तीन महिने पगार नव्हता. त्या दिवसांत आईने शिलकीला टाकलेल्या पैशांवर त्यांनी गुजराण केली.

गंमत म्हणजे हा तरुण विक्रेता म्हणून अगदीच सामान्य होता. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवून माल गळ्यात मारणे त्याला जमत नसे. दुसऱ्या एका दुकानात तर विक्री कमी होते म्हणून त्याचा आठवड्याचा पगार दहा डॉलरवरून आठ डॉलरवर आणला गेला. अतिश्रम आणि चिंता यांमुळे तो आजारी पडला आणि घरी परतला. दर्शनी खिडकीची मांडणी मात्र त्याच्याइतकी सुरेख कोणाला साधत नसे. पुढे उभा राहिलेला सारा व्यवसाय याच उणिवेवर आणि याच गुणावर बेतलेला होता. माल नीट मांडलेला असेल आणि किंमत आधीच ठरलेली असेल, तर विक्रेत्याच्या वाक्चातुर्याची गरज उरत नाही, हे त्यांना स्वानुभवातून उमगले.

१८७८ साली जुन्या मालकांच्या दुकानात एका टेबलावर पाच सेंटांच्या फुटकळ वस्तू मांडण्यात आल्या आणि त्या पाहता पाहता संपल्या. हे पाहून वूलवर्थ यांनी मालक विल्यम मूर यांच्याकडून उधारीवर माल घेतला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये युटिका येथे केवळ पाच सेंटांच्या वस्तूंचे दुकान थाटले. काही महिन्यांतच ते बंद करावे लागले. तरीही त्यांनी हाय खाल्ली नाही. २१ जून १८७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे दुसरे दुकान उघडले. पहिल्याच दिवशी जवळजवळ एक तृतीयांश माल खपला. लवकरच तेथे दहा सेंटांच्या वस्तूही आल्या आणि ‘पाच-दहा सेंटांचे दुकान’ हे नाव अमेरिकेत रूढ झाले. नवे दुकान काढताना ते बहुधा नातलगांना किंवा जुन्या सहकाऱ्यांना भागीदार करून घेत. धाकटे बंधू चार्ल्स हे त्यांपैकीच एक.

दुकाने वाढली तशी खरी अडचण पुढे आली ती मालाची. दहा सेंटांत विकायचे, तर वस्तू किती स्वस्त मिळायला हवी, याचे गणित मधल्या दलालांमुळे जुळेना. म्हणून १८९० साली वूलवर्थ प्रथमच युरोपला गेले. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधील चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने त्यांनी पाहिले. जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात घरोघरी बाहुल्या आणि काचेच्या शोभेच्या वस्तू तयार होत. तेथे जाऊन त्यांनी थेट खरेदीचे व्यवहार ठरवले. नाताळच्या झाडावर टांगायच्या काचेच्या गोळ्यांविषयी प्रारंभी ते साशंक होते. पण त्याच गोळ्यांनी पुढे दरवर्षी त्यांचा गल्ला भरला. युरोपातील एका खेड्यातील कारागीर आणि अमेरिकेतील एका गावातील गिऱ्हाईक यांच्यामधील अंतर त्यांनी असे कमी केले.

याच दौऱ्यात त्यांनी इंग्लंडमधील दुकानेही बारकाईने न्याहाळली. आपली पद्धत येथे चालेल, असे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले. परंतु त्यांनी घाई केली नाही. घरचा पाया भक्कम होईपर्यंत तब्बल १९ वर्षे ते थांबले. १९०९ मध्ये त्यांनी आपल्या व्यवस्थापकांपुढे इंग्लंडचा विषय काढला, तेव्हा अमेरिकेतील स्थिर उत्पन्न सोडून तिकडे जाण्यास मोजकेच लोक तयार झाले. त्यांपैकी नात्यातील फ्रेड मूर वूलवर्थ यांच्याकडे त्यांनी ब्रिटिश कंपनीची धुरा सोपवली.

इंग्लंडची बाजारपेठ काही मोकळी नव्हती. मार्क्स अँड स्पेन्सरचे ‘पेनी बझार’ तेथे आधीच लोकप्रिय होते. तेव्हा वूलवर्थ यांनी आपला अमेरिकी भाव जसाच्या तसा तेथे नेला नाही. तीन आणि सहा पेन्स या ब्रिटिशांच्या ओळखीच्या नाण्यांवर त्यांनी किंमती बेतल्या. तेव्हाचे सहा पेन्स म्हणजे साधारण बारा सेंट. त्यामुळे थोडा चांगला मालही ठेवता आला. माल निवडण्यासाठी विल्यम स्टीफन्सन या इंग्रज जाणकाराला त्यांनी सोबत घेतले. अमेरिकेची पद्धत आणि इंग्लंडची माणसे यांची ही सांगड यशस्वी ठरली. १९२३ मध्ये फ्रेड वूलवर्थ यांच्या निधनानंतर याच स्टीफन्सन यांच्याकडे ब्रिटिश कंपनीची सूत्रे आली.

१९१२ साली वूलवर्थ यांनी आपली साखळी आणि बंधू, नातलग व जुने सहकारी यांच्या साखळ्या एकत्र केल्या. ५९६ दुकाने आणि साडेसहा कोटी डॉलर भांडवल असलेल्या या कंपनीत एके काळचे मालक मूर यांची दोन दुकानेही सामील झाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ७९२ फूट उंचीची वूलवर्थ इमारत उभी राहिली. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी वॉशिंग्टनहून कळ दाबून तिचे दिवे उजळले. १९३० पर्यंत ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. तिच्यासाठी वूलवर्थ यांनी रोख १ कोटी ३५ लाख डॉलर मोजले.

या वैभवाला एक काळी किनारही होती. स्वस्त माल विकायचा तर स्वस्त मनुष्यबळच हवे, अशी वूलवर्थ यांची ठाम धारणा होती. बोलण्याचे कौशल्य न लागणाऱ्या या दुकानांत तरुण मुली अत्यल्प पगारावर उभ्या असत. बिनपगारी उमेदवारी आणि पगारकपात ही दोन्ही दुःखे स्वतः भोगलेल्या माणसाने तोच हिशेब इतरांना लावावा, हे त्यांच्या चरित्रातील न सुटणारे कोडे आहे.

अखेरची वर्षे सुखाची नव्हती. पत्नी जेनी यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले, तर १९१७ मध्ये कन्या एडना हिचा मृत्यू झाला. दंतवैद्याकडे जाण्याचे टाळत राहिल्याने दातांतील संसर्ग अंगात भिनला आणि ८ एप्रिल १९१९ रोजी, ६७ व्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना वूलवर्थ यांचे निधन झाले. नव्या मृत्युपत्रावर त्यांची स्वाक्षरी झालेली नव्हती. १८८९ चे जुने मृत्युपत्रच कायम राहिले आणि अफाट संपत्ती, ती समजण्याच्या स्थितीत नसलेल्या पत्नीकडे गेली.

त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये जर्मनीत ब्रेमेन येथे दुकान निघाले. ब्रिटनमधील दुकानांची संख्या १९५८ मध्ये हजारावर पोहोचली. ऑस्ट्रेलियात तर १९२४ साली भलत्याच व्यापाऱ्यांनी हे नाव उचलले. तेथील आजच्या वूलवर्थ्स कंपनीचा मूळ घराण्याशी काहीही संबंध नाही. परंतु १९३५ मध्ये अमेरिकेतील दुकानांनी किंमतीची मर्यादा सोडली आणि दुकानाची मूळ ओळख हळूहळू पुसट होत गेली. १९९७ मध्ये अमेरिकेतील, तर जानेवारी २००९ मध्ये ब्रिटनमधील अखेरची दुकाने बंद झाली. लिव्हरपूलच्या त्या चहापानाला तेव्हा शंभर वर्षेही पूर्ण झाली नव्हती. गिऱ्हाइकाला निःसंकोच आत येऊ द्यावे आणि भाव आधीच सांगावा, ही त्या दुकानदाराची रीत मात्र आज जगभरच्या दुकानांनी आपलीशी केली आहे.