बीबीसीत टीव्ही शिकले, दिल्लीत टीव्हीचा पाया घातला : पुलंची फारशी न सांगितली गेलेली गोष्ट

पारशिवनी : आज वावराच्या धुऱ्यावर बसून माणूस मोबाईलवर बाजारभाव पाहतो, फवारणीचा व्हिडिओ पाहतो, नाहीतर एखादा विनोदी तुकडा पाहून दोन घटका हसतो. त्या विनोदी तुकड्यांत पु. ल. देशपांडे हमखास सापडतात. म्हैस, अंतू बर्वा, रावसाहेब, नारायण ही नावं कानावर पडली नाहीत असं मराठी घर विरळाच. पण हाच माणूस आपल्या देशातल्या टीव्हीच्या सुरुवातीला हजर होता, विलायतेत बीबीसीत जाऊन ते काम शिकून आला होता, ही गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतल्या गावदेवीचा. बालपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेलं. घर साधंच, नोकरदाराचं. पण घरात गाणं होतं, पुस्तकं होती. आईचे वडील वामनराव दुभाषी हे ऋग्वेदी या नावाने लिहीत. लहानपणीच पेटीवर हात बसला तो कायमचा. वडील लवकर गेले आणि घराचा भार पोराच्या खांद्यावर आला. शिकवण्या घेतल्या, गाण्याच्या कार्यक्रमात पेटी वाजवली, जमेल ते केलं. पुण्याचं फर्ग्युसन आणि सांगलीचं विलिंग्डन कॉलेज, असं करत करत शिक्षण पुरं केलं. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये मास्तरकीही केली. तिथं त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांत एक बाळ ठाकरे होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१२ जून १९४६ ला सुनीता ठाकूर यांच्याशी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने लग्न झालं. ना बँड, ना मांडव. सुनीताबाई बेचाळीसच्या लढ्यात उतरलेल्या, हिशेबाला पक्क्या आणि स्वभावाने कडक. पुलंच्या पुढच्या सगळ्या धावपळीला शिस्त लावली ती त्यांनीच.

त्यानंतर सिनेमा आला. १९५३ चा गुळाचा गणपती म्हणजे कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य काम, सगळं एकट्या पुलंचं. नाच रे मोरा हे लेकरांचं गाणं आजही अंगणवाडीत वाजतं, त्याची चालही त्यांचीच. पण सिनेमाच्या धंद्यात मन रमलं नाही. १९५५ साली ते आकाशवाणीत नोकरीला लागले.

विलायतेत टीव्ही कसा सुरू झाला होता

पुलं ज्या देशात टीव्ही शिकायला गेले, तिथं त्याची सुरुवात कशी झाली हे आधी पाहू.

स्कॉटलंडचा जॉन लोगी बेअर्ड हा तब्येतीने नेहमीचा आजारी आणि खिशाने रिकामा माणूस. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावात १९२३ च्या सुमारास त्याने चहाची पेटी, टोपीचा डबा, विणायच्या सुया, सायकलच्या दिव्याचं भिंग असलं भंगार जमवून यंत्र उभं केलं. गोल तबकडीला भोकं पाडायची, ती जोरात फिरवायची आणि त्या भोकांतून समोरच्या चेहऱ्याचा उजेड ओळीओळीने टिपायचा, अशी त्याची युक्ती. नांगरणारा जसं वावर तासातासाने नांगरत जातो, तसं यंत्र चित्र ओळीओळीने वाचत जातं. जितक्या ओळी जास्त, तितकं चित्र साफ. बेअर्डच्या पहिल्या चित्रात ओळी होत्या फक्त ३०.

२ ऑक्टोबर १९२५ ला लंडनमध्ये त्याला बाहुल्याचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला. मग खालच्या ऑफिसातल्या विल्यम टेंटन नावाच्या पोऱ्याला बोलावून यंत्रासमोर बसवलं. दिव्यांच्या आगीने तो पोरगा बसायलाच तयार होईना, शेवटी हातावर पैसे ठेवावे लागले. टीव्हीवर दिसलेला पहिला जिवंत माणूस हा असा ऑफिसचा पोऱ्या होता. २६ जानेवारी १९२६ ला बेअर्डने लंडनच्या सोहो भागात विद्वान मंडळींना बोलावून यंत्र दाखवलं.

पुढे २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून टीव्हीचं नियमित प्रसारण सुरू केलं. तिथं दोन पद्धती आलटून पालटून चालवून पाहिल्या. बेअर्डची २४० ओळींची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ ओळींची. थोड्याच महिन्यांत, १९३७ च्या सुरुवातीला, बेअर्डची पद्धत बाद झाली. ज्याने वाट पाडली, तोच मागे राहिला. १ सप्टेंबर १९३९ ला महायुद्ध तोंडावर आलं आणि टीव्ही बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला ७ जून १९४६ ला. पुढच्याच आठवड्यात, १४ जूनला बेअर्ड वारला. त्याच आठवड्यात इकडे रत्नागिरीत पुलंचं लग्न झालं होतं. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध लागेल, असं कोणाच्या ध्यानीमनीही नसणार.

१९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाला विलायतेत सुमारे २ कोटी लोक टीव्हीसमोर बसले. ज्याच्याकडे संच नव्हता तो शेजाऱ्याकडे गेला. आपल्याकडे रामायण पाहायला एकाच घरात अख्खी आळी जमायची, तसाच तो प्रकार.

पुलं बीबीसीत

१९५८ साली युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर आकाशवाणीने पुलंना लंडनला पाठवलं. तोवर बीबीसीचा टीव्ही चांगला जाणता झाला होता. तिथं त्यांनी कार्यक्रम कसा बांधायचा, कॅमेरा कुठं लावायचा, दिवे कसे सोडायचे, बोलणाऱ्याला मोकळं कसं करायचं, हे सगळं पाहिलं. त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट जायचे. चुकलं की चुकलं, मागं फिरायला जागा नाही. नाटकाच्या रंगमंचावर वाढलेल्या माणसाला ही शिस्त समजायला वेळ लागला नाही. तिथून फ्रान्स, जर्मनी असाही प्रवास झाला. या साऱ्या प्रवासावर त्यांनी अपूर्वाई हे पुस्तक लिहिलं. मराठी माणसाने घरबसल्या विलायत पाहिली ती या पुस्तकातून.

१५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत भारताचा टीव्ही सुरू झाला. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. आज ऐकून हसू येईल, पण तेव्हा कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस असायचे. जागा आकाशवाणी भवनातलीच, तात्पुरती केलेली. केंद्राचा टप्पाही लहान. पारशिवनीहून सोडलेलं चित्र रामटेकच्या जरा पुढं जाऊन संपावं, एवढाच. घरोघरी संच नव्हते. युनेस्कोच्या मदतीतून वस्त्यांमध्ये टेलिक्लब काढले होते. लोक एका संचाभोवती बसायचे, कार्यक्रम पाहायचे आणि मग त्यावर चर्चा करायचे. विषय असायचे आरोग्य, रस्त्यावरून चालायचे नियम, नागरिकाचे हक्क आणि कर्तव्यं.

या दिल्ली केंद्राचे पहिले निर्माते म्हणून पुलंचं नाव घेतलं जातं. ना माणसं शिकलेली, ना सामान पुरेसं. विलायतेत शिकून आलेलं इथल्या तुटपुंज्या साधनांत बसवायचं होतं. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंची भारतीय टीव्हीवरची पहिली मुलाखत घेण्याचा मानही पुलंकडेच जातो.

नोकरी सोडली

इथं कोणीही म्हणेल की आता माणसाचं भलं झालं. सरकारी नोकरी, दिल्लीत वजन, नव्या खात्यात पहिला मान. तिथंच चिकटून राहिले असते तर मोठ्या खुर्चीवर बसून निवृत्त झाले असते. पण पुलंनी थोड्याच काळात ती नोकरी सोडली. १९६१ पासून बटाट्याची चाळ घेऊन ते एकटे रंगमंचावर उभे राहिले. एकच माणूस अख्खी चाळ उभी करायचा. पाठोपाठ वाऱ्यावरची वरात, असा मी असामी आली. थिएटरं भरू लागली. व्यक्ती आणि वल्लीला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९६६ ला पद्मश्री मिळाली.

पैसा आला, पण तो घरात साठवला नाही. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान काढून तो शाळा, ग्रंथालयं, संस्था यांच्याकडे वळवला. आपल्या विदर्भातल्या वरोऱ्याच्या आनंदवनाशी आणि बाबा आमटे यांच्याशी पुलं-सुनीताबाईंचा मोठा जिव्हाळा होता. नुसता पैसा पाठवून ते थांबले नाहीत, तिथं जाऊन राहत, लोकांत मिसळत. १९८६ साली पुण्यात अवचट दांपत्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पुलंनी १ लाख रुपये दिले. त्या एका देणगीतून सुरू झालेल्या केंद्रातून किती घरं सावरली, याचा हिशेब करणं अवघड आहे.

टीव्ही मोठा झाला आणि मुका झाला

इकडे टीव्ही वाढत होता. १९६५ पासून दिल्लीत रोजचे कार्यक्रम सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ ला कृषिदर्शन आलं, तेही दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी. पुढे देशभरातल्या शेतकऱ्याच्या घरात जे पोचलं, त्याची पेरणी त्या ८० गावांत झाली होती. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं आणि टीव्ही मराठीत बोलू लागला. आमची माती, आमची माणसं हे नाव गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना आजही आठवतं.

मग जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांवर बंधनं आली, विरोधातली माणसं तुरुंगात गेली. आकाशवाणी आणि टीव्ही तर सरकारच्याच हातात. लोकांना शहाणं करण्यासाठी जे यंत्र उभं केलं होतं, त्यावरून एकाच बाजूचं बोलणं सुरू झालं. ज्याने त्या यंत्राच्या सुरुवातीला हात लावला होता, त्याला हे पाहताना काय वाटलं असेल, याचा अंदाज त्यांच्या पुढच्या वागण्यावरून येतो. लोकांना हसवणारा हा माणूस १९७७ च्या निवडणुकीत गावोगावच्या सभांत उभा राहिला. टीव्ही नाही, रेडिओ नाही, नुसतं व्यासपीठ आणि लाऊडस्पीकर. त्यांनी आणीबाणीविरुद्ध उघड प्रचार केला, माणसं ऐकायला लोटली. निवडणूक जिंकल्यावर मात्र पुलंनी ना पद मागितलं, ना घेतलं. पुन्हा आपल्या लिहिण्याकडे वळले.

हाच ताठपणा म्हातारपणीही सुटला नाही. १९९० ला पद्मभूषण मिळालं. १९९६ ला महाराष्ट्र सरकारने महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा पहिला मान पुलंना दिला. राज्यात युतीचं सरकार होतं. पुरस्कार घेताना गोड बोलून मोकळं होता आलं असतं. पण लोकशाहीत चाललेल्या दांडगाईबद्दलची खंत त्यांनी त्याच प्रसंगी मांडली. त्यावर बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर सभेत कडक शब्दांत टीका केली. मास्तर आणि विद्यार्थी असे समोरासमोर आले. महाराष्ट्रभर चर्चा झाली. पुलं तेव्हा कंपवाताच्या आजाराने थकलेले होते, त्यांनी वाद वाढवला नाही. आपलं म्हणणं मागेही घेतलं नाही.

१२ जून २००० ला पुण्यात पुलं गेले. तो त्यांच्या लग्नाचा ५४ वा वाढदिवस होता. सुनीताबाई २००९ ला गेल्या. मुंबईच्या प्रभादेवीतल्या सरकारी कला अकादमीला आज पुलंचं नाव आहे.

बेअर्डच्या ३० ओळींपासून सुरू झालेलं चित्र आज आपल्या खिशात आहे. दिल्लीतल्या त्या टेलिक्लबात माणसं कार्यक्रम संपल्यावर लगेच उठून जात नसत. जे दाखवलं ते खरं का, आपल्या कामाचं का, यावर बोलत बसत. आज गावात प्रत्येकाच्या हातात संच आहे, पण पाहून झाल्यावर बोलायला कोणी थांबत नाही, आलेलं तसंच पुढं ढकललं जातं. रात्री जेवणं आटोपल्यावर पोट्ट्यांना मोबाईलवर पुलंची म्हैस जरूर ऐकवा. आणि हसून झालं की, या माणसाने नोकरी का सोडली आणि भर निवडणुकीत लाऊडस्पीकरपुढं का उभा राहिला, तेही त्यांना सांगा.