रेशमाच्या पेढीतला तत्त्वज्ञ

1743 साली बर्लिनच्या रोझेन्थाल दरवाजाशी चौदा वर्षांचा एक मुलगा येऊन उभा राहिला. ठेंगणा, पाठीला पोक, बोलताना अडखळणारा. ज्यूंनी शहरात शिरायचे ते याच दरवाजाने, आणि गुरेढोरेही इथूनच आत हाकली जात. त्याचे धर्मशास्त्राचे गुरू डेव्हिड फ्रँकेल बर्लिनला रब्बी म्हणून गेले, म्हणून हा डेसाउहून त्यांच्या मागोमाग पायी चालत आला होता. नाव मोझेस मेंडेल्सोन. वडील धर्मग्रंथाच्या हस्तलिखित प्रती करून कसेबसे घर चालवीत.

बर्लिनमध्ये त्याने पोटाला चिमटा घेऊन जर्मन, लॅटिन, गणित आणि तत्त्वज्ञान शिकून घेतले. 1750 मध्ये एका ज्यू रेशीम व्यापाऱ्याच्या घरी मुलांचा शिक्षक म्हणून तो लागला, पुढे त्याच्याच पेढीवर हिशेबनीस झाला आणि अखेर भागीदार. तत्त्वज्ञान करायचे ते खतावण्या मिटल्यावर! तरीही 1763 मध्ये बर्लिन अकादमीच्या निबंधस्पर्धेत पहिले पारितोषिक याच हिशेबनिसाने मिळवले. स्पर्धकांत चक्क इमॅन्युएल कांट होता.

1754 मध्ये त्याची गाठ नाटककार लेसिंगशी पडली. निमित्त बुद्धिबळाचे, असे सांगतात. लेसिंगने त्याआधीच एका नाटकात सज्जन ज्यू रंगवला होता आणि असा ज्यू असूच शकत नाही, असा आक्षेप एका विद्वानाने घेतला होता. लेसिंगला त्याचे उत्तर आता समोरच्या खुर्चीत बसलेले सापडले. मेंडेल्सोनचे पहिले पुस्तक त्यानेच परस्पर छापून आणले.

पण विद्वान म्हणून गाजणाऱ्या या माणसाचा धर्म मात्र अनेकांच्या डोळ्यांत सलत असे. एवढा शहाणा माणूस अजून ज्यू कसा? 1769 मध्ये झुरिचच्या लाव्हाटर नावाच्या तरुण पाद्र्याने ख्रिस्ती धर्माची सत्यता सिद्ध करणारे एक पुस्तक भाषांतरित करून मेंडेल्सोनला अर्पण केले आणि जाहीर आव्हान दिले: हे खोडून काढ, नाहीतर ख्रिस्ती हो. हा पेच वाटतो त्याहून कठीण होता. राजाच्या मर्जीवर शहरात राहणाऱ्या ज्यूने राज्यकर्त्यांच्या धर्मावर टीका करायची कशी? आणि गप्प बसावे तर तो पराभव ठरणार. मेंडेल्सोनने ख्रिस्ती धर्माविरुद्ध अवाक्षर काढले नाही. आपला धर्म कोणाला ओढून आत घेत नाही आणि सदाचरणी माणूस कुठल्याही धर्माचा असला तरी त्याला मोक्षाचे दार बंद नाही, एवढेच त्याने शांतपणे समजावून सांगितले. या वादाने त्याची प्रकृती मात्र खचली. पुढे डॉक्टरांनी काही काळ वाचन-लेखनही बंद करायला लावले.

यानंतर आपला धर्म शेजाऱ्यांना समजेल अशा भाषेत मांडणे हे त्याचे कामच होऊन बसले. वारसा आणि विवाहाविषयीचे ज्यू नियम प्रशियाच्या न्यायाधीशांना कळावेत म्हणून 1778 मध्ये ते जर्मनमध्ये छापले गेले, त्यामागे त्याचीच लेखणी होती. 1780 ते 1783 च्या दरम्यान मोझेसच्या पंचग्रंथाचे जर्मन भाषांतर निघाले. ते छापले हिब्रू लिपीत. आपल्याकडच्या मोडी जाणणाऱ्यासाठी परकी भाषा मोडीत लिहून द्यावी, तसाच हा प्रकार. ज्यू मुलांना आपले शास्त्रही उमगावे आणि शेजाऱ्यांची भाषाही यावी! काही नामांकित रब्बी मात्र खवळले. मुले जर्मनच्या नादाला लागून शास्त्र विसरतील, ही त्यांची भीती. ती अगदीच अनाठायी होती, असे म्हणवत नाही.

1783 मध्येच त्याने ‘जेरुसलेम’ हा ग्रंथ लिहिला. श्रद्धेच्या बाबतीत सक्ती करण्याचा अधिकार ना राज्याला, ना धर्मसंस्थेला, हा त्याचा गाभा. बहिष्काराचे हत्यार रब्बींनीही खाली ठेवावे, हे स्वकीयांना सांगायला तो कचरला नाही.

1786 च्या जानेवारीत तो वारला. त्याच्या सहा मुलांपैकी चार जणांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन हा त्याचा नातू, तोही लहानपणीच बाप्तिस्मा झालेला. ज्या कब्रस्तानात मेंडेल्सोनला पुरले, ते 1943 मध्ये नाझींनी उद्ध्वस्त केले. लेसिंगने या मित्राला डोळ्यांपुढे ठेवून 1779 मध्ये ‘नाथान द वाइज’ हे नाटक लिहिले होते. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच कुटुंबाचे निघतात, असे ते नाटक नाझी काळात जर्मन रंगभूमीवरून गायब झाले होते. महायुद्ध संपल्यावर 1945 च्या सप्टेंबरमध्ये पडझड झालेल्या बर्लिनमधले डॉइचेस थिएटर पुन्हा उघडले, तेव्हा पहिला पडदा उघडला तो याच नाटकावर.