नागपूरचे सुपुत्र कर्नल सी. के. नायडू

क्रिकेट खेळणाऱ्या आपल्या मुलांना सी. के. नायडू हे नाव बहुधा एका स्पर्धेचे नाव म्हणून ठाऊक असते. भारतीय क्रिकेट मंडळाची तरुण खेळाडूंसाठी असलेली आंतरराज्य स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते आणि मंडळाचा जीवनगौरव पुरस्कारही १९९४ पासून त्यांच्याच नावाने दिला जातो. परंतु भारताचे हे पहिले कसोटी कर्णधार आपल्या नागपूरचे होते, हे नागपुरातल्या तरुण वाचकांपैकीही किती जणांना माहीत असेल याची आम्हांला शंका आहे. म्हणून त्यांच्या जीवनाचा थोडा परिचय येथे करून देत आहोत.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका तेलुगूभाषक कुटुंबात झाला. हे घराणे वकिलीच्या व्यवसायात नावाजलेले आणि सुखवस्तू होते. वयाच्या सातव्या वर्षी ते शाळेच्या संघात खेळू लागले. पुढे उत्तुंग षटकारांसाठी गाजलेला हा फलंदाज लहानपणी अतिशय सावधपणे, चेंडू अडवत खेळत असे आणि चेंडू जोराने टोलवण्याची सवय त्याला वडिलांच्या आग्रहामुळे लागली, असे सांगतात. तसे असेल तर त्यांच्या फटकेबाजीखाली बचावाचा भक्कम पाया आधीपासून घातलेला होता, असे म्हणावे लागेल. वरवर बेफिकीर दिसणाऱ्या त्यांच्या खेळात पुढे जो भरवसा दिसला, त्याचे कारण आम्हांला येथेच सापडते.

त्या काळातील क्रिकेटची व्यवस्था आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. देशातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा मुंबईत भरत असे आणि तिच्यातील संघ धर्मानुसार बनलेले असत. प्रथम युरोपियन व पारशी, नंतर हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान असे चार संघ झाले. आपल्या ख्रिस्ती समाजातील खेळाडूंना या चौकटीत जागाच नव्हती. ती १९३७ साली इतरेजनांचा पाचवा संघ निघाला तेव्हा मिळाली. सांगलीचे विजय हजारे हे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती खेळाडू याच संघातून खेळत. १९४३ साली हिंदू संघाविरुद्ध त्यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या, हे जुन्या मंडळींना अजून आठवत असेल. अशा रीतीने धर्मावरून संघ पाडणे योग्य नव्हे, असे पुढे अनेकांना वाटू लागले आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. ती बंद पडली हे चांगलेच झाले. मात्र नायडूंच्या तरुणपणी मोठ्या खेळाचा दरवाजा एवढाच होता, आणि तोही वर्षातून एकदा, नागपूरपासून शेकडो मैलांवर उघडत असे.

१९१६ साली ते प्रथम या दरवाजातून आत गेले. प्रतिस्पर्धी युरोपियन संघ होता आणि हिंदू संघाचे सात गडी ७९ धावांत परतले होते. नवव्या क्रमांकावर आलेल्या या तरुणाने पहिले तीन चेंडू शांतपणे अडवले आणि चौथा थेट सीमेबाहेर भिरकावला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील त्यांची पहिली धाव अशी षटकारानेच निघाली.

येथून पुढचा काळ आम्हांला त्यांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. १९१६ ते १९३२ ही सोळा वर्षे होत. या काळात भारताला कसोटी सामन्यांचा दर्जा नव्हता, १९२८ सालच्या डिसेंबरापर्यंत क्रिकेट मंडळ नव्हते, रणजी करंडक सुरू व्हायचा होता. वर्षभर घाम गाळावा आणि मुंबईत दोन-तीन सामने खेळून परत यावे, एवढेच फळ दिसत होते. पुढे कधी भारताचा संघ होईल, तेव्हा आपण खेळण्याच्या वयात असू, याची हमी कोणीही देऊ शकत नव्हते. विशीतला माणूस तिशी ओलांडतो आणि मग हळूहळू मैदानावरून घरी जातो, हा सर्वसाधारण क्रम आहे. नायडूंनी तो मानला नाही. सडपातळ, उंच, ताठ बांध्याचे हे गृहस्थ शरीराची निगा एखाद्या सैनिकाप्रमाणे राखीत. फलंदाजीबरोबर गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांचाही सराव त्यांनी सोडला नाही. त्या दिवसांत नामांकित फलंदाज क्षेत्ररक्षणाला दुय्यम काम समजत, हे येथे लक्षात घ्यावे.

१९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले व आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. नागपूरचा मुलगा इंदूरचा झाला. आपल्या शहराला याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, परंतु संस्थानाच्या आश्रयाने त्यांना खेळासाठी जी निश्चिंती मिळाली ती त्या वेळी नागपुरात मिळाली असती असे वाटत नाही.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून एम. सी. सी.चा संघ भारतात आला. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाविरुद्ध पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या. त्यांच्या गाय अर्ल याने आठ षटकार मारले होते. १ डिसेंबर रोजी नायडू फलंदाजीस उतरले आणि त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार आणि १३ चौकार होते. फलंदाज तिशी ओलांडलेला होता. बातमी शहरात पसरली तशी कचेऱ्यांतून माणसे मैदानाकडे धावली, झाडांवर आणि छपरांवर गर्दी झाली. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. त्यानंतरच्या सामन्यात प्रा. दि. ब. देवधर यांनीही शतक झळकावले. भारतीय खेळाडू कसोटी सामन्यांच्या योग्यतेचे आहेत अशी गिलिगन यांची खात्री पटली, आणि मंडळाच्या स्थापनेस त्यांचे प्रोत्साहन मिळाले. दहा वर्षे एकांतात केलेल्या तयारीला त्या दुपारी कारण सापडले, असे म्हणता येईल.

१९३२ चा इंग्लंड दौरा सर्वांना परिचित आहे. संघाचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे आणि उपकर्णधारपद लिंबडीच्या राजकुमारांकडे होते, कारण संस्थानिकांशिवाय कर्णधार असू शकतो ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. आपल्या खेळाच्या मर्यादा ओळखून महाराज बाजूला झाले. लिंबडीचे राजकुमार जायबंदी होते. २५ जून रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी संघ नायडूंच्या मागोमाग उतरला. त्यांचे वय तेव्हा ३६ होते. निसार आणि अमरसिंग यांनी इंग्लंडचे तीन गडी अवघ्या १९ धावांत टिपले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला इजा झाली, तरी पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. सामना भारताने १५८ धावांनी गमावला. संपूर्ण दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १,६१८ धावा काढल्या आणि ६५ बळी घेतले. विस्डेन वार्षिकाने १९३३ साली वर्षातील पाच उत्कृष्ट क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. भारताकडून कसोटी खेळलेल्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळत होता.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संघातील काही खेळाडूंना नायडूंच्या हाताखाली खेळणे मान्य नव्हते. कसोटीच्या दिवशी पहाटे त्यांनी महाराजांना झोपेतून उठवून तक्रार केली आणि महाराजांनी ती मानली नाही, असे सांगितले जाते. नायडू कडक होते, अबोल होते आणि कोणाची मनधरणी करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. स्वतःला लावलेली मोजपट्टी ते इतरांनाही लावीत, आणि ती प्रत्येकाला पेलत नसे. कर्णधाराने थोडे अधिक मृदू असावयास हवे होते, असे आम्हांलाही वाटते. १९३६ च्या दौऱ्यात नेतृत्व विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. तो दौरा भांडणांनी गाजला. चाळिशीतल्या नायडूंनी तेथे काय केले, ते मात्र मैदानावरच दिसले. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू त्यांच्या अंगावर जोरात आदळला. ते मैदान सोडून गेले नाहीत. त्यांनी ८१ धावा केल्या. कसोटीतील ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या आणि शेवटचा डाव. एकूण सात कसोटी, ३५० धावा.

आकडे एवढेच. कोणी केवळ हेच पाहिले तर या माणसाचे एवढे कौतुक का, असा प्रश्न पडेल. उत्तर त्यानंतरच्या वीस वर्षांत आहे.

इंदूरच्या होळकर संघाची त्यांनी जी घडण केली तिला भारतीय क्रिकेटमध्ये तोड थोडी. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड आणि धाकटे बंधू सी. एस. नायडू अशी गुणी माणसे त्यांच्याजवळ होती. कर्नलसाहेबांचा नियम साधा होता. वेळ म्हणजे वेळ. दुखापत झाली तरी चोळत बसायचे नाही. १९४४-४५ पासूनच्या नऊ हंगामांत हा संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला. मुश्ताक अलींना तर त्यांनी अगदी पोरवयात हेरून वाढवले होते. धर्मावर उभारलेल्या स्पर्धेतून नावारूपाला आलेल्या या कर्णधाराच्या स्वतःच्या संघात खेळाखेरीज दुसरी ओळख विचारली जात नव्हती, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

आणि कर्नलसाहेब स्वतः? १९४५-४६ च्या हंगामात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा काढल्या, तेव्हा त्यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. मुंबईविरुद्धच्या एका सामन्यात दत्तू फडकर यांचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. ते बाजूला सारून त्यांनी पुन्हा पवित्रा घेतला आणि फडकरांनी दयेपोटी वेग कमी करू नये असे बजावले, ही हकीकत जुने क्रिकेटप्रेमी आवर्जून सांगतात. १९५३-५४ मध्ये ते नवख्या आंध्र संघाचे कर्णधार झाले. १९५६-५७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून खेळताना राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा केल्या आणि विनू मंकड यांना दोन षटकार मारले. ज्या वयात आपल्याकडे माणूस नातवंडांना घेऊन बागेत बसतो, त्या वयातली ही गोष्ट आहे. प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत मिळून ११,८२५ धावा आणि ४११ बळी त्यांच्या नावावर आहेत. १९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९६३-६४ मध्ये एका मदतनिधी सामन्यासाठी त्यांनी पुन्हा एकदा बॅट हातात घेतली.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू या इंदुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या आणि देशातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचकांत त्यांची गणना होते. वडिलांच्या आठवणींचे पुस्तक त्यांनी लिहिले. २०२१ साली त्याही गेल्या.

नायडूंचा अखेरचा रणजी हंगाम संपला त्याच्या पुढल्याच वर्षी, १९५७-५८ मध्ये, विदर्भाचा संघ या स्पर्धेत प्रथम उतरला. करंडक जिंकण्यासाठी त्याला साठ वर्षे थांबावे लागले. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने दिल्लीला हरवून तो जिंकला, तेव्हा सामना होता इंदूरच्या होळकर मैदानावर.