माल्कमसाहेबाचे दोन कागद

महूची छावणी आपल्या इंदूरकरांना काही नवी नाही. १८१८ साली ती वसली सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. मंदसौरच्या तहात होळकरांच्या बाजूने तात्या जोग होते आणि समोर होता हाच साहेब. त्याचे चरित्र नेहमी लढायांवरून सांगतात. मी आवक-जावक सांभाळणारा सरकारी माणूस, म्हणून माझे लक्ष त्याच्या कागदांकडे गेले.

जन्म १७६९ चा, स्कॉटलंडमधला. घरात सतरा भावंडे आणि पैशाची ओढ. तेराव्या वर्षी कंपनीच्या नोकरीसाठी लंडनला उभा राहिला. हैदरअली समोर आला तर काय करशील, असे विचारल्यावर पोराने तलवार काढून त्याचे डोके उडवण्याची भाषा केली. नोकरी पक्की झाली. मद्रासला आला, फारसी शिकला, इराणच्या दरबारी तीनदा वकील म्हणून गेला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, त्या लढाईत तो होता. पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला.

त्या वेळी बाजीराव पेशवे रानोमाळ फिरत होते. फिरत फिरत ते असीरगडच्या बाजूला आले. पावसाळा तोंडावर होता. बाजीराव निसटले तर युद्ध आणखी वर्षभर लांबेल, हे माल्कमने ओळखले. जून १८१८ च्या आरंभी त्याने अटी लिहून दिल्या: पुणे आणि पेशवेपद सोडायचे, उत्तरेत जाऊन राहायचे आणि सालाना किमान आठ लाख रुपये घ्यायचे. कलकत्त्याहून मंजुरी आलेली नव्हती. डाक जाऊन उत्तर येईपर्यंत बाजीराव थांबले असते थोडेच! गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला रक्कम फार वाटली, तो नाराजही झाला. पण दिलेला शब्द मोडता येईना. आजच्या एखाद्या अधिकाऱ्याने मंजुरीआधी असा आकडा कबूल केला असता तर त्याची फाईल कुठे फिरली असती, हे आमच्यासारख्यांना विचारा.

दुसरा कागद माल्कमला आलेला आणि खाजगी. १८२७ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्या काळातली. पण खरी डोकेदुखी होती सुप्रीम कोर्टाची. पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या अज्ञान मुलाला पालकाच्या ताब्यातून मुंबईला हजर करा, असा हुकूम कोर्टाने काढला. पुण्यावर या कोर्टाचा अंमलच नाही, असे म्हणून माल्कमने तो बजावू दिला नाही. तीन न्यायाधीशांपैकी दोघे १८२८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने वारले. उरलेल्या ग्रँटने १८२९ मध्ये सरळ कोर्टच बंद केले!

त्याच साली लंडनहून लॉर्ड एलेनबरोचे पत्र आले. कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा हा अध्यक्ष. दोन नवे न्यायाधीश पाठवत आहोत, दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये रानटी हत्ती ठेवावा तसा ग्रँट त्यांच्यामध्ये राहील, अशा अर्थाचे त्यात होते. खाजगी मजकूर, पण पत्र फुटले आणि वर्तमानपत्रांत छापून आले. नवे न्यायाधीश खुर्चीत नीट बसण्याआधीच लोकांच्या लेखी माणसाळलेले हत्ती ठरले. मुलाच्या खटल्यात निकाल सरकारच्या बाजूने लागला होता, कायद्याने माल्कम जिंकला होता. बोलबाला मात्र हत्तींचा झाला. मला इथे माल्कमपेक्षा त्या दोघा न्यायाधीशांचीच कीव येते.

हाच एलेनबरो पुढे गव्हर्नर जनरल झाला आणि १८४३ मध्ये ग्वाल्हेरवर फौज घेऊन आला, हे तिकडच्या मंडळींना ठाऊक असेलच.

माल्कम १८३३ साली लंडनला वारला. बाजीराव ब्रह्मावर्ताला त्यानंतरही अठरा वर्षे जगले आणि आठ लाख दरसाल येत राहिले. एकूण बेरीज अडीच कोटींच्या वर जाते. १८५१ मध्ये ते गेल्यावर दत्तकपुत्र नानासाहेबांनी पेन्शन पुढे चालू ठेवण्याची मागणी केली, तेव्हा माल्कमचा तो जूनमधला कागद पुन्हा दप्तरातून निघाला. पेन्शन बाजीरावांच्या हयातीपुरतीच होती, असा अर्थ कंपनीने लावला. तसे नव्हते असे सांगायला माल्कम उरला नव्हता. नानासाहेबांनी आपला वकील अजीमुल्ला खान याला थेट लंडनला धाडले, पण तोही रिकाम्या हाताने परतला.