अंगणात गेलेली शाळा

मास्ट्रिख्टमध्ये बाळ झालं की पहिले आठेक दिवस एक प्रशिक्षित बाई रोज घरी येते. इथे त्याला क्रामझोर्ख म्हणतात. बाळाचं वजन, आईचं दूध, टाके, सगळं ती बघते, जमलंच तर थोरल्याला जेवायलाही घालते. आमच्या सासूबाईंना याचं फार अप्रूप! मला मात्र ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाई १८९२ च्या, माहेरच्या केळकर. घर प्रार्थना समाजाचं, त्यामुळे १९१४ मध्ये बी.ए. होता आलं. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. त्या काळात नवऱ्यापासून वेगळं होऊन राजकोटला प्राचार्यपद सांभाळणं म्हणजे काय, ते आपल्या आज्यांना विचारा. मग तीही चांगली नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथे मॉन्टेसरी पद्धत आत्मसात केली. (मारिया मॉन्टेसरींचा शेवट इथे नेदरलँड्समध्येच, नॉर्डवाइकला झाला, १९५२ मध्ये.) १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं. पण हे सगळं शहरातल्या, परवडणाऱ्या घरांपुरतं होतं, आणि ते त्यांना खुपत होतं. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ सोबतीला. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली, पाड्यावरची पोरं येईनात. कशी येणार? कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेलं, आईबाप मजुरीवर, वर गावातला जातीचा कडा. दुसरं कुणी आईबापांना बोल लावला असता. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि त्यांच्या अंगणात नेऊन मांडली. तीच अंगणवाडी. आधी अंघोळ, नखं, केस, मग गाणी नि खेळ. मॉन्टेसरीची महागडी साधनं कुठून आणायची? शिंपले, बिया, पानं, खडे यांवर मुलं मोजायला शिकली.

१९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरतात तिथेच वर्ग! १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या आणि कोसबाड अनुताईंनी पुढे चालवलं. दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली. तिच्या केंद्रांचं नाव देशभर अंगणवाडीच पडलं, फक्त आता बहुतेक ठिकाणी अंगण सरकारचं असतं आणि यायचं मुलांनी.